बारा वेशींचे नगर

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात, मालाची एक यादी आहे. रोमच्या बाजारात उतरणारा हा माल. सोने, रुपे, रत्ने आणि मोत्यांपासून ती सुरू होते. मग तलम कापड, जांभळी वस्त्रे, रेशीम, हस्तिदंत, तांबे, लोखंड, संगमरवर, दालचिनी, धूप, ऊद, मद्य, तेल, सपीठ, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ असे करत एकूण २८ जिन्नस येतात. शेवटचा जिन्नस माणूस. गुलाम म्हणून विकायला आणलेले देह. आणि हे पुस्तक लिहिणारा योहान तिथेच आठवण देतो की या देहांत जीव आहेत.

या यादीतला काही माल आपल्याकडून गेलेला होता. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ ही पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेली सागरी मार्गदर्शिका. तीत भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरे आहेत, पैठण आणि तेर या पेठा आहेत. भडोचला राजासाठी काय न्यावे, हेही त्याने लिहून ठेवले आहे: चांदीची किमती भांडी, उंची मद्य, गाणारी मुले आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली. त्या राजाचे नाव ग्रीक लेखणीत वेडेवाकडे झाले आहे, पण तो क्षहरात क्षत्रप नहपान असावा असे बहुतेक इतिहासकार मानतात. नहपानाचा जावई उषवदात. त्याने भिक्षूंसाठी कोरवून दिलेले लेणे नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे आहे. शहरातल्या इंदिरानगरमधून पाथर्डी फाट्याकडे निघाले की ज्या डोंगराकडे नजर जाते, त्याच डोंगरात. योहानाची यादी दूरच्या कुठल्या शहराबद्दल असली, तरी त्या बाजाराचे एक टोक आपल्या दाराशी होते.

स्वर्गातल्या उपासनेबद्दलच्या प्रकरणाची सुरुवात मी बाजारापासून केली, याला कारण आहे. ख्रिस्ती भक्तीला स्वर्गाचे जे चित्र मिळाले, ते मुख्यतः याच पुस्तकातून. पांढरी वस्त्रे, वीणा, सोन्याचे रस्ते, मोत्यांच्या वेशी हे सगळे इथलेच. नाताळच्या कार्डांवर आणि कबरीच्या दगडांवर येता येता त्या चित्राला एक गोड गुंगी आली आणि स्वर्ग म्हणजे मेल्यानंतरची विश्रांती एवढेच लोकांच्या मनात उरले. पुस्तक सलग वाचले की ती गुंगी टिकत नाही. ज्या डोळ्यांनी माणसांना विक्रीच्या यादीत पाहिले होते, त्याच डोळ्यांनी स्वर्गातली उपासना पाहिलेली आहे.

हे दर्शन झाले तेव्हा योहान पात्म बेटावर बंदिवासात होता. एजियन समुद्रातले हे बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसने हा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीचा, म्हणजे इ. स. ९५ च्या आसपासचा सांगितला आहे. योहानाने ज्या सात मंडळ्यांना हे पुस्तक पाठवले, त्या सगळ्या आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात होत्या. इफिस, स्मुर्णा, पर्गम ही नावे बायबल वाचणाऱ्याला पाठ असतात. पर्गममध्ये रोम आणि ऑगस्टस यांचे देऊळ होते; इफिसात डोमिशियनच्या काळात सम्राटपूजेसाठी नवे देऊळ उभे राहिले. सम्राटाच्या प्रतिमेपुढे चिमूटभर धूप टाकणे हा तिथे नागरी शिष्टाचाराचा भाग होता. ख्रिस्ती माणसाला तेवढीच चिमूट टाकता येत नव्हती.

हे डोळ्यांपुढे ठेवून चौथा अध्याय वाचावा. स्वर्गात एक दार उघडते आणि योहानाला पहिल्यांदा दिसते ते राजासन. बसणाऱ्याचा चेहरा तो सांगत नाही. रत्नांचे तेज आणि पाचूसारखे इंद्रधनुष्य एवढेच सांगतो. भोवती चोवीस आसने, त्यांवर सोन्याचे मुकुट घातलेले चोवीस वडील. जवळ सिंह, बैल, माणूस आणि उडता गरुड यांच्यासारखे चार प्राणी, सहा पंखांचे, डोळ्यांनी भरलेले. ते अहोरात्र देवाला तीनदा पवित्र म्हणतात. त्यांचा घोष झाला की वडील आसनावरून उतरतात, पालथे पडतात आणि आपले मुकुट राजासनापुढे टाकतात. रोमन प्रजेला ही कृती चांगली ठाऊक होती. आर्मेनियाच्या तिरिदातेसने इ. स. ६३ मध्ये नीरोच्या पुतळ्यापुढे आपला मुकुट उतरवून ठेवला, असे टॅसिटस लिहितो. योहानाने तो सोहळा उचलला आणि सम्राटाला त्यातून वगळले. विश्वाच्या मध्यभागी एक राजासन आहे आणि त्यावर रोमचा कुणी बसलेला नाही, एवढे कळले की पात्मवरचा बंदिवान काय सांगू पाहतो आहे ते कळते.

तिथली उपासना योहान पोहोचल्यावर सुरू झालेली नाही, हेही लक्षात घ्यावे. ती चालूच आहे. शेकडो वर्षे आधी, उज्जीया राजा मेला त्या वर्षी, यशयाला मंदिरात सराफीमांचा असाच घोष ऐकू आला होता. म्हणून ख्रिस्ती उपासनेतला एक क्षण मला फार मोलाचा वाटतो. प्रभुभोजनाच्या विधीत किंवा मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस सिद्ध झाल्यावर पुरोहित लोकांना अंतःकरणे उंचवायला सांगतो, देवदूतांच्या आणि स्वर्गीय सैन्याच्या सुरात सूर मिळवण्याचे आवाहन करतो, आणि सगळे मिळून ते त्रिवार पवित्र गातात. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या या सगळ्यांकडे तो आहे. पेटी बेसूर असेल, माणसे पंधराच असतील. विधी त्यांना सांगतो की चालू असलेल्या उपासनेत तुम्ही दाखल होत आहात. उपासना यशस्वी करण्याचा भार एकदा माणसांच्या डोक्यावरून उतरला की ध्वनिवर्धक किती मोठा आणि व्यासपीठावर दिवे किती, हे प्रश्न लहान होतात. आजच्या काही मोठ्या सभांमध्ये ते अकारण मोठे झालेले दिसतात आणि मला त्याची काळजी वाटते.

पाचव्या अध्यायात चित्र पालटते. सात शिक्क्यांची एक गुंडाळी आहे आणि ती उघडायला लायक कुणी सापडत नाही. योहान रडतो. यहूदाचा सिंह विजयी झाला आहे, असे त्याला सांगितले जाते. तो वळून पाहतो तर कोकरा उभा आहे, वधलेला दिसणारा. स्वर्गाच्या केंद्रस्थानी जखमा आहेत. त्या भरून आलेल्या किंवा झाकलेल्या नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म मला इथे सापडते. सत्ता कुणाकडे असावी, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर रोमला, आणि रोमनंतरच्या प्रत्येक साम्राज्याला, परके आहे.

कोकऱ्याभोवती मग स्तुतीची वर्तुळे पसरत जातात. आधी चार प्राणी आणि चोवीस वडील, मग लक्षावधी देवदूत, मग स्वर्गात, पृथ्वीवर, पृथ्वीखाली आणि समुद्रात जे जे आहे ते सगळे. सातव्या अध्यायात माणसे येतात: सर्व राष्ट्रांतली, वंशांतली, भाषा बोलणारी, कुणाला मोजता येणार नाही एवढी, हातात झावळ्या घेतलेली. सिंहस्थाची गर्दी पाहिलेल्या नाशिककराला न मोजता येणारा समुदाय म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. योहानाचे वैशिष्ट्य असे की त्या गर्दीतही त्याला भाषा वेगवेगळ्या ऐकू येतात. बेल्जियमच्या गेंट शहरात व्हॅन आयक बंधूंचे १४३२ मध्ये पूर्ण झालेले प्रसिद्ध वेदीचित्र आहे. त्यात कोकऱ्याकडे चहूबाजूंनी समुदाय येताना दाखवले आहेत. चित्र अप्रतिम आहे, पण येणारे चेहरे बहुतेक युरोपीयच. ‘सर्व राष्ट्रे’ म्हणजे किती, याचा अंदाज तेव्हाच्या युरोपला नव्हता.

त्या समुदायात गुलामांना जागा होती, हे आपल्याला एका परक्याच्या लेखणीतून कळते. इ. स. ११२ च्या सुमारास धाकट्या प्लिनीने बिथुनियातून सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात, असे त्याला चौकशीत समजले होते. अधिक माहितीसाठी त्याने दोन बायांचा छळ केला. त्या दोघी गुलाम होत्या आणि मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या. बाजारात ज्यांची किंमत ठरे, त्या मंडळीत पुढे उभ्या होत्या.

पुस्तकाच्या अखेरीस नवे यरुशलेम उतरते, आणि तिथे यादीतला माल पुन्हा दिसतो. सोन्याचा रस्ता झाला आहे, मोत्यांच्या वेशी झाल्या आहेत, रत्ने तटाच्या पायात बसवली आहेत. ज्यासाठी माणसे विकली जात होती, त्यावरून आता माणसे चालतात. आणि जे विकले जात होते त्यांच्याबद्दल लिहिले आहे की ते राज्य करतील.

शरणपूरची गोष्ट इथे सांगायला हवी. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून होते. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनरीने १८५० च्या दशकाच्या मध्यावर शहराबाहेर ख्रिस्ती लोकांची वसाहत उभारली, ती शरणपूर. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून निघालेली अरबी गलबते त्या काळी ब्रिटिश आरमार अडवत असे. सुटका झालेल्यांत मुले पुष्कळ असत. परत कुठे पाठवायचे, हे कुणालाच माहीत नसे. गावे जळालेली, आईबाप मेलेले किंवा विकले गेलेले. यातली बरीच मुले मुंबईला उतरवली जात, आणि १८६० पासून त्यांना शरणपूरला आणले जाऊ लागले. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे ती तिथे शिकली. यादीतल्या शेवटच्या जिनसाला नाशिकमध्ये बाक, पाटी आणि प्रार्थनेत जागा मिळाली. सह्याद्रीच्या पायथ्याशी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आणि याओ भाषा बोलणारी आफ्रिकी मुले एका छपराखाली उपासनेला बसत होती. योहानाने पाहिलेल्या समुदायाचा एवढा उघड तुकडा महाराष्ट्राच्या इतिहासात मला दुसरा सापडत नाही.

त्या मुलांतला जेकब वेनराइट जगाच्या इतिहासात गेला. आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात नाशिकच्या शाळेतली मुले होती. काही १८६६ मध्ये त्याच्याबरोबर गेली, तर जेकब, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार वगैरे १८७२ मध्ये जाऊन मिळाले. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय झाडाखाली पुरले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. मग सुसी, चुमा आणि इतर सोबत्यांनी तो देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. गुलामांच्या गलबतातून सुटलेला, नाशिकमध्ये प्रार्थना वाचायला शिकलेला हा तरुण.

गोष्ट इथेच थांबवली तर ती फार सोपी होईल. जेकबचे हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हते. फरार, वेलिंग्टन, वेनराइट ही इंग्रजांची आडनावे. आपल्या भाषेतले नाव त्या मुलांच्या अंगावर राहू दिले गेले नाही. योहानाच्या दर्शनात भाषा आणि वंश राजासनापुढे शाबूत आहेत. मिशनच्या शाळेत ते पुसले गेले, आणि दयेपोटी केलेल्या कामातही ही उणीव होती असे स्पष्ट म्हटले पाहिजे. प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेला आणि तिथे फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. शरणपूरच्या आफ्रिकी मुलांपैकी अनेक जण तिकडे परतले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर तर त्याआधीच, १८६४ मध्ये, मोंबासाजवळच्या रबाईला गेले होते. किनाऱ्यावरच्या लोकांना ही माणसे ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणून ठाऊक झाली. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

आपल्या भाषेची वीणा हातात घेऊन राजासनापुढे जायचे, हे मराठी मंडळीला ज्याने शिकवले तोही नाशिकशी जोडलेला आहे. नारायण वामन टिळक करजगावचे; आई गेल्यावर कोवळ्या वयात घर सोडून नाशिकला आले आणि इथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. पत्नी लक्ष्मीबाई गोदावरीकाठच्या जलालपूरच्या. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तोवर मराठी मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली गीते सर्रास गायली जात. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आजच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. रविवारी टाळ वाजतो तो त्यांच्यामुळे. नव्या यरुशलेमात राष्ट्रे आपापले वैभव घेऊन येतात, असे प्रकटीकरण सांगते. मराठी माणसाने तिथे न्यायचे ते काय, याचे उत्तर टिळकांनी अभंगाच्या रूपाने देऊन ठेवले आहे.

१९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसता येणार होते. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फारसा वाढला नाही. तरी त्या नावाची निवड मला चौथ्या अध्यायाच्या अगदी जवळची वाटते. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

इंदिरानगरमधून आज रविवारी सकाळी महामार्गाखालचा बोगदा ओलांडून शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे किंवा त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चकडे जाणारी कुटुंबे आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागातून आलेली मराठी घरे, अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी आलेले मल्याळी, तमिळ आणि गोव्याकडचे लोक. बोलण्यात भाषा अनेक, शहर एक. यांनी एका बाकावर बसून एकमेकांच्या भाषेतली गीते थोडी तरी शिकावीत, असे मला मनापासून वाटते. भाषेगणिक वेगवेगळ्या वेळा ठरवणे सोयीचे असते, पण त्या सोयीत शेजारी हरवतो.

योहानाच्या नगराला बारा वेशी आहेत, दर दिशेला तीन, आणि त्या कधीच बंद होत नाहीत. नगर लांबी, रुंदी, उंचीला सारखे आहे. शलमोनाच्या मंदिरातला परमपवित्र गाभाराही असाच तिन्ही बाजूंनी वीस हातांचा होता. तिथे वर्षातून एकदा एकटा मुख्य याजक जाई. आता सगळे नगरच गाभारा झाले आहे, म्हणून त्यात वेगळे मंदिर नाही. नाशिकमध्ये हे वाचताना काळाराम मंदिराचे दरवाजे आठवणे अटळ आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला, आणि दरवाजे उघडले नाहीत. ख्रिस्ती मंडळीने मात्र हे उदाहरण दुसऱ्याकडे बोट दाखवायला वापरू नये. आपल्याकडेही लग्न ठरवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जाते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या घरात ती विचारली जाते, त्या घराने उघड्या वेशींचे गीत गाताना थबकायला हवे.

आठवड्यात एखाद्या संध्याकाळी सोसायटीतल्या कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रार्थनासभा भरते. सोफे भिंतीला सरकवतात, सतरंजी पडते, दोन गीते होतात, मग विनंत्या: मुलाचे कंत्राट संपले आहे, आजोबांचे डायलिसिस सुरू आहे, मुलीचे लग्न जमत नाही. अशा विनंत्या म्हणजे खालच्या दर्जाची भक्ती, खरी उपासना म्हणजे केवळ स्तुती, असे काही जण शिकवतात. मला ते पटत नाही, आणि प्रकटीकरणालाही पटत नाही. सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून मोठ्याने विचारतात की न्याय कधी होणार, आणि त्यांना गप्प केले जात नाही. पांढरा झगा दिला जातो आणि थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. आठव्या अध्यायात स्वर्गात अर्धा तास सगळे गायन थांबते. देवदूत सोन्याचे धूपपात्र घेऊन वेदीपाशी येतो, त्याला पुष्कळ धूप दिला जातो, आणि त्या धुराबरोबर पृथ्वीवरच्या भक्तांच्या प्रार्थना देवापुढे चढतात. मग तोच देवदूत तेच धूपपात्र वेदीवरच्या अग्नीने भरतो आणि पृथ्वीवर टाकतो. गडगडाट होतो, विजा चमकतात, भूमी हादरते, आणि सात कर्णे वाजवायला सात देवदूत सिद्ध होतात.